कति दुख्छ

कारकुनाने आधीच लिहून टाकलं होतं:
वडिलांचं नाव, बहादूर.
त्याने जाळीतून बोट आत घातलं,
साब, पदम. पदम साउद.
मग कायमचा पत्ता.
तो गंगापूर रोडच्या सोसायटीचं नाव सांगू लागला,
जिच्या जिन्याखाली एक शेगडी आणि हे तिघं.
कायमचा, कारकून म्हणाला.
अछाम, तो म्हणाला, आणि बायकोकडे बघितलं,
खरं आहे ना, असं.

मी नाइटला. बेड नंबर नऊ.
सिर्जना, वय सहा,
पांढऱ्या पेशी अमाप, बाकी सगळं कमी.
डॉक्टर हिंदीत समजावत होते, भराभर, भलेपणाने,
आणि जौकला मान हलवत होती
प्रत्येक वाक्याला एकदा,
पावती फाडावी तशी.
कॅन्सर या शब्दालाही एकदाच.

माझी हिंदी सिन्नरची, तिची त्याहून कच्ची.
दर्द है क्या, मी विचारायचे.
मुलगी छताकडे बघायची.
छैन, आई म्हणायची.
चार रात्री मी ते चैन असंच ऐकलं,
बरं, म्हटलं, पडतेय थोडी.
छैन म्हणजे नाही.

पाचव्या रात्री, तीनच्या सुमारास,
सलाइन बदलताना पोर कळवळली
आणि आई तिच्यावर वाकून म्हणाली,
कति दुख्छ, नानी?
माझ्या हातातली बाटली हातातच राहिली.
किती दुखतं.
एवढंच तर विचारायचं होतं मला,
आणि मी बसले होते दर्द दर्द करत,
आम्हा दोघींचाही नसलेला शब्द उसना घेऊन.

पदम सकाळी सातला यायचा, ड्यूटीवरून थेट,
गळ्यात शिट्टी तशीच.
ती खिशात टाक, वॉर्ड आहे हा, मी म्हणाले.
सिर्जना काहीतरी पुटपुटली.
म्हणते, रात्री इथून ऐकू येत नाही,
त्याने सांगितलं, आणि शिट्टी खिशात टाकली.

पिवळं की केशरी, योजनेच्या खिडकीने विचारलं.
त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून
नेपाळचं नागरिकत्व काढलं, घडीवर फाटलेलं,
आणि सेक्रेटरीची चिठ्ठी: माणूस प्रामाणिक आहे.
खिडकीने चिठ्ठी पूर्ण वाचली. परत दिली.

प्लेटलेट द्यायला आले
कॉलेज रोडचा मोमोवाला,
सातपूरच्या कुठल्याशा कंपनीच्या गेटवरचे दोघे,
आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वझेबाई,
ज्यांनी सहा वर्षांत त्याचं नाव विचारलं नव्हतं.
पेशंटशी नातं, या रकान्यात
बाईंनी बराच वेळ पेन धरलं. मग लिहिलं: शेजार.

जानेवारीत त्याने पाव किलो द्राक्षं आणली.
नाही चालत, म्हटलं, कच्चं काहीच नाही.
तो नळाखाली धूत राहिला, एकेक मणी,
त्या गारठ्यात, बोटं निळी पडेपर्यंत.
अब, सिस्टर?
नाही.
शेवटी त्याने ती मलाच दिली
आणि मी त्याच्यासमोर खाल्ली.
इतकी गोड होती की राग आला.

मग मुंबईची चिठ्ठी.
निघताना जौकला म्हणाली, निको हुन्छ.
विचारलं की सांगितलं, कळलं नाही.
आमच्यात निकोप म्हणतात, मी म्हटलं.
निकोप, ती म्हणाली,
शेवटच्या प ला ओठ मिटले ते तसेच.

पुढचं मला माहीत नाही.
आम्हाला चादर बदललेली कळते.

नऊ नंबरवर आता पेठकडचा मुलगा आहे,
आई कोपऱ्यात उकिडवी, कुणी विचारलं तरच बोलते.
काल सुई लावताना तोंडून गेलं,
कति दुख्छ रे?
त्याने दुसऱ्या हाताची बोटं उघडली,
विचार करून एक मिटलं,
आणि मला दाखवलं.